पितळ उरलं, दोरी हरवली

'केल्विन अँड ह्यूज, लंडन, १९१७' अशी अक्षरं कोरलेला पितळी सेक्स्टंट तुम्ही कुठे ना कुठे पाहिला असेल. चोरबाजारात मटन स्ट्रीटवर, एखाद्या कॅफेच्या फळीवर, नाहीतर ऑनलाइन दुकानात 'व्हिंटेज गिफ्ट' या सदराखाली. शिसवी रंगाची पेटी, आत लाल मखमल, पितळेवर मुद्दाम आणलेला काळपटपणा. दुकानदार सांगतो, "अंग्रेज के टाइम का है, साहब."

अडचण एवढीच, की १९१७ साली केल्विन अँड ह्यूज नावाची कंपनीच नव्हती. लॉर्ड केल्विन यांच्या परंपरेतली ग्लासगोची कंपनी वेगळी आणि लंडनची हेन्री ह्यूज अँड सन वेगळी. त्या दोघी एकत्र आल्या १९४७ साली. म्हणजे पेटीतल्या त्या वस्तूवर कंपनीच्या जन्माच्या तीस वर्षं आधीची तारीख आहे. असे 'सतरा सालचे' सेक्स्टंट आज जगभर विकले जातात आणि त्यातले पुष्कळ आपल्याच देशात घडलेले असतात. उत्तराखंडातलं रुरकी हे त्याचं एक मोठं केंद्र. सर्वेक्षणाची आणि ड्रॉइंगची उपकरणं करणाऱ्या कारागिरांचं ते जुनं गाव. आता तिथे शोभेची 'नॉटिकल' पितळी उपकरणंही होतात आणि जगभर जातात.

जुन्या नौकानयन उपकरणांचा मला नाद आहे. पैसे बेताचे, घर लहान, त्यामुळे संग्रह असा मोठा नाही. जमवण्यापेक्षा बघणं, हाताळणं आणि त्यांच्यामागच्या गोष्टी शोधणं हेच जास्त चालतं. या नादातून एक प्रश्न मात्र कायमचा मागे लागला आहे: समुद्राच्या इतिहासातलं नेमकं काय आपण जपून ठेवलं, आणि काय हातातून निसटू दिलं?

खरा सेक्स्टंट कसा ओळखायचा

आधी हे यंत्र करतं काय ते बघू. सेक्स्टंट दोन गोष्टींमधला कोन मोजतो. बहुतेक वेळा एक असतं क्षितिज, दुसरा सूर्य किंवा तारा. आरसा हलवून आकाशातला सूर्य खाली 'उतरवायचा', क्षितिजाला टेकवायचा आणि कमानीवरचा आकडा वाचायचा. भर दुपारी सूर्य किती उंच चढला हे कळलं आणि त्या दिवसाचं कोष्टक हाताशी असलं, की अक्षांश निघतो. कोनाची एक कला, म्हणजे अंशाचा साठावा भाग, चुकली तर समुद्रावर एक सागरी मैल चुकतो. १८५२ मीटर. अंधारात खडक असलेल्या किनाऱ्याजवळ एवढं अंतर फार झालं.

आरशाने परावर्तित झालेला किरण आरशाच्या दुप्पट कोनात वळतो. या साध्या नियमावर १७३१ साली जॉन हॅडली यांनी लंडनच्या रॉयल सोसायटीसमोर ऑक्टंट मांडला. जवळपास त्याच वेळी अमेरिकेत फिलाडेल्फियातल्या थॉमस गॉडफ्रे यांनाही तेच सुचलं होतं. ऑक्टंटची कमान वर्तुळाचा आठवा भाग, म्हणजे ४५ अंश. पण मोजतो ९०. पुढे १७५७च्या सुमारास कॅप्टन जॉन कॅम्पबेल यांच्या सूचनेवरून कमान ६० अंशांपर्यंत वाढली, १२० अंश मोजता येऊ लागले आणि सेक्स्टंट आला.

खरी कसोटी होती कमानीवरच्या रेघांची. त्या हाताने आखायच्या तर यंत्र मोठं लागे आणि चुका राहत. १७७०च्या दशकात जेसी रॅम्सडेन यांनी या रेघा आखणारं यंत्रच बनवलं. ब्रिटिश सरकारच्या रेखांश मंडळाने त्यांना ६१५ पौंड दिले, पण अट घातली की ही कला इतर कारागिरांनाही शिकवायची. आज ओपन सोर्सचं कौतुक करणाऱ्यांनी ही अट लक्षात ठेवावी.

म्हणून जुना सेक्स्टंट हातात आला की मी नाव शेवटी वाचतो. आधी कमान बघतो. खऱ्या यंत्रात पितळेत बसवलेल्या चांदीच्या पट्टीवर केसासारख्या बारीक रेघा असतात आणि व्हर्नियरच्या रेघा त्यांच्याशी नेमक्या जुळतात. शोभेच्या वस्तूत रेघा जाड, कडा दबलेल्या, कधी अंतरही सारखं नसतं. मग दांडी शून्यावर आणून दूरच्या इमारतीची कड बघायची. खऱ्या यंत्रात थेट दिसणारी आणि आरशातली कड एकमेकींवर बसतात, किंवा जो थोडा फरक असतो तो मोजता येतो. शोभेच्या यंत्रात दोन प्रतिमा दोन दिशांना पळतात, कारण आरसे दाढी करायच्या आरशाचे असतात आणि दांडीची खुंटी ढिली असते.

आणि सगळ्यात महत्त्वाचा असतो पेटीच्या झाकणाच्या आतला कागद. इंग्लंडमध्ये क्यू इथल्या वेधशाळेत आणि नंतर नॅशनल फिजिकल लॅबोरेटरीत सेक्स्टंट तपासून प्रमाणपत्र देत. त्यावर यंत्राचा क्रमांक, तारीख आणि वेगवेगळ्या कोनांना यंत्र किती चुकतं याचा तक्ता असे. मला हा कागद फार आवडतो. आजची कुठलीही जाहिरात 'अचूक' म्हणून थांबते. हा कागद 'अमुक कोनाला इतकं चुकतं' असं लिहून देतो आणि त्या लिखित चुकीवर जहाज विश्वास ठेवतं.

माझ्याकडचा सेक्स्टंट दिसायला साधा आहे. विसाव्या शतकातला, काळा रंग उडालेला, एक आरसा डागाळलेला. तो अलंगला तोडलेल्या जहाजातून भावनगरमार्गे आला. जगातली जहाजं मरायला गुजरातच्या ज्या किनाऱ्यावर येतात, तिथेच रस्त्याच्या कडेच्या दुकानांत त्यांचे पलंग, कपबशा, दिवे आणि कधीकधी अशी यंत्रंही विकायला असतात. याच्या हातपकडीचं लाकूड एका जागी गुळगुळीत झालं आहे, कुणाच्या तरी अंगठ्याने. तो अंगठा कोणाचा होता हे कळायला मार्ग नाही. पण ती झीज खरी आहे.

ज्यांनी जपलं

संग्राहकांना हसणं सोपं आहे. पण ते नसते तर सागरी इतिहासाचा मोठा भाग भंगारात गेला असता.

जॉन हॅरिसन यांची गोष्ट बऱ्याच जणांना ठाऊक असेल. समुद्रावर रेखांश शोधायचा तर बंदरातली वेळ बिनचूक सांगणारं घड्याळ जहाजावर हवं. १७१४ साली ब्रिटिश संसदेने त्यासाठी २०,००० पौंडांचं बक्षीस जाहीर केलं. हॅरिसन यांचं चौथं घड्याळ १७६१–६२ साली जमैकाच्या सफरीत जवळपास पाच सेकंदच चुकलं. पण पुढचं कमी सांगितलं जातं. ज्या घड्याळांनी जगाचा नकाशा नेमका केला, ती पुढे ग्रिनिचमध्ये गंजत पडली. १९२० साली रूपर्ट गूल्ड नावाच्या नौदल अधिकाऱ्याने ती पाहिली आणि साफ करायची परवानगी मागितली. कुणी पगार देत नव्हतं. वर्षानुवर्षं ते एकेक चाक सोडवत, घासत, पुन्हा बसवत राहिले. पहिलं घड्याळ १९३३ साली पुन्हा टिकटिकलं.

दुसरं एक घड्याळ, लार्कम केंडल यांनी बनवलेलं 'के टू', बाउंटी जहाजावर होतं. १७८९ साली त्या जहाजावर बंड झालं आणि बंडखोर घड्याळासकट पॅसिफिकमधल्या पिटकेर्न बेटावर जाऊन लपले. १८०८ साली मेह्यू फोल्जर हा अमेरिकन कप्तान तिथे पोचला, तेव्हा बंडखोरांपैकी एकच जण जिवंत होता. घड्याळ फोल्जरला मिळालं, मग दक्षिण अमेरिकेत गेलं आणि १८४०च्या सुमारास ब्रिटनला परतलं. आज ते ग्रिनिचच्या राष्ट्रीय सागरी संग्रहालयात आहे. ते संग्रहालय १९३७ साली उघडलं, आणि त्यातल्या बऱ्याच वस्तू सर जेम्स केअर्ड या जहाजमालकाने स्वतःच्या पैशाने विकत घेऊन दिल्या होत्या.

संग्राहकांची भूक वाढली तशी बनावटही वाढली. अॅमस्टरडॅमच्या अँटोन मेन्सिंग यांचा प्रसिद्ध संग्रह शिकागोच्या अॅडलर तारांगणासाठी घेतला गेला. मेन्सिंग यांच्या हातून बाजारात आलेली काही उपकरणं पुढे खोटी ठरली. तेव्हा चोरबाजारातल्या १९१७ सालाला नाकं मुरडताना हे लक्षात असावं, की या धंद्यात फसवणूक युरोपातल्या उंची दालनांतही झाली.

पण या सगळ्या वस्तूंत एक साम्य आहे. त्या धातूच्या आहेत, देखण्या आहेत, बहुतेकींवर नाव आहे आणि त्यांना पेटी आहे. ज्याला नाव नाही, पेटी नाही, चमक नाही, ते कुणी जमवायचं?

मालिंदीचा मालम

१४९८. वास्को द गामा आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावर मालिंदीला पोचला आहे. पुढे हिंदुस्थान आहे हे त्याला ठाऊक आहे, वाट ठाऊक नाही. तिथल्या राजाने त्याला एक वाटाड्या दिला. पोर्तुगीज इतिहासकार जुआंव द बारूश यांनी सोळाव्या शतकाच्या मध्याला लिहिलेल्या ग्रंथात हा प्रसंग येतो. ते सांगतात की वाटाड्या गुजरातचा मुसलमान होता. गामाने त्याला आपला मोठा लाकडी ॲस्ट्रोलेब आणि धातूचे आणखी काही दाखवले. त्याचे डोळे विस्फारतील अशी अपेक्षा असावी. तसं काही झालं नाही. तांबड्या समुद्राकडचे काही मालम असली पितळी उपकरणं वापरतात, पण मी आणि खंबायतचे नि हिंदुस्थानचे खलाशी वेगळं साधन वापरतो, असं त्याने सांगितलं. मग त्याने ते काढून दाखवलं. तीन छोट्या फळ्या.

पुष्कळ ठिकाणी हा वाटाड्या म्हणजे प्रसिद्ध अरबी दर्यावर्दी अहमद इब्न माजिद असं वाचायला मिळतं. ते खरं नाही. अभ्यासकांनी ती समजूत कधीच मोडीत काढली आहे.

पोर्तुगीजांचा ॲस्ट्रोलेब मात्र आज आपल्याला दाखवता येतो. गामाचे मामा व्हिसेंत सुद्रे यांचं 'एस्मेराल्दा' हे जहाज १५०३ साली ओमानजवळच्या बेटापाशी वादळात बुडालं. त्याच्या अवशेषांत २०१४ साली एक पितळी तबकडी सापडली. व्यास साडेसतरा सेंटिमीटर, जाडी दोन मिलिमीटरहूनही कमी, वर पोर्तुगालचं राजचिन्ह. ब्रिटनच्या वॉरिक विद्यापीठात तिचं लेझर स्कॅनिंग झालं, तेव्हा कडेवर दर पाच अंशांवर खुणा दिसल्या. समुद्री ॲस्ट्रोलेबमधला हा ज्ञात असलेला सर्वांत जुना. जगात असे ॲस्ट्रोलेब शंभराच्या आसपास उरले आहेत आणि त्यातले कित्येक बुडालेल्या जहाजांतून आले आहेत.

इथे नवख्या संग्राहकाने एक फरक ध्यानात घ्यावा. लाहोरच्या कारागीर घराण्यांनी घडवलेले नक्षीदार ॲस्ट्रोलेब, ज्यांना संस्कृतात 'यंत्रराज' म्हणत, ते ज्योतिषी आणि खगोलज्ञांचे. समुद्री ॲस्ट्रोलेब साधा, जड आणि बहुधा मधून पोकळ असतो, म्हणजे वारा आरपार जावा आणि तो कमी हलावा. तरीही हलत्या डेकवर त्याने मोजणं कठीणच. गामासुद्धा १४९७ साली दक्षिण आफ्रिकेच्या किनाऱ्यावर सूर्य मोजायला लाकडी ॲस्ट्रोलेब घेऊन जमिनीवर उतरला होता.

मग मालमाच्या त्या फळ्या कुठे आहेत?

कमाल: फळी, दोरी आणि दात

अरबी खलाशी त्या साधनाला 'कमाल' म्हणत. लहानशी आयताकृती फळी, तिच्या मध्यातून ओवलेली दोरी, दोरीला गाठी. दोरीची गाठ दातांत धरायची, फळी समोर ताणायची. फळीची खालची कड क्षितिजावर टेकवायची. वरच्या कडेला ध्रुवतारा बरोबर टेकला, की त्या गाठीचं बंदर ज्या अक्षांशावर आहे, त्याच अक्षांशावर तुम्ही आलात. मग तीच उंची राखून, पूर्वेला किंवा पश्चिमेला किनारा लागेपर्यंत जायचं.

गणित अवघड नाही आणि त्यासाठी लागणारी फळी तुमच्या हातात आहे. आजचा साधारण फोन १६ सेंटिमीटर उंच असतो. तो डोळ्यापासून ४८ सेंटिमीटरवर उभा धरला, तर खालपासून वरपर्यंत सुमारे १९ अंशांचा कोन झाकतो. मुंबईचा अक्षांश तेवढाच. फोन ५३-५४ सेंटिमीटरवर नेला की कोन १७ अंश: रत्नागिरी. ५९ सेंटिमीटरवर साडेपंधरा: पणजी. दोरीला या तीन ठिकाणी गाठी मारा. झाली तुमची कोकण किनाऱ्याची कमाल. दक्षिणेला जाऊ तसा ध्रुव खाली उतरतो, म्हणून फळी लांब धरावी लागते.

मी फोनऐवजी सागवानी पट्टी घेतली आणि सुतळी. किनाऱ्यावर करून बघायची तर एक गोची आहे: आपला समुद्र पश्चिमेला आणि ध्रुव उत्तरेला. जुहूला किंवा काशीदला उभं राहिलात तर उत्तरेकडे इमारती नाहीतर झाडं. जिथून उत्तरेला लांबवर पाणी दिसतं अशी जागा हवी, नाहीतर होडी. आणि वेळ सांजवेळेची, तारा दिसू लागलाय पण क्षितिज अजून पुसलं गेलं नाही अशी. एवढं जमवलं तर अंश-दीड अंशापर्यंतचं उत्तर पहिल्या आठवड्यातच मिळतं. मग कळतं की हे खेळणं नाही.

ज्यांना हे मागासलेलं वाटत असेल त्यांनी लिस्बनचा विचार करावा. तिथे ध्रुव जवळजवळ ३९ अंशांवर. अर्ध्या मीटरवर धरायला ३५ सेंटिमीटरची फळी लागेल. तिच्या दोन्ही कडा एकदम बघता येणार नाहीत. शिवाय विषुववृत्ताखाली ध्रुव दिसतच नाही, म्हणून पोर्तुगीजांना सूर्य मोजण्यावाचून गत्यंतर नव्हतं. त्यांच्या वाटेला ॲस्ट्रोलेब हवा होता. आपल्या समुद्रावर ध्रुव ठेंगणा आहे. त्याला फळी आणि दोरी पुरत होती. त्यातही खुबी होती. त्या काळी ध्रुवतारा खऱ्या ध्रुवबिंदूपासून साडेतीन अंशांच्या आसपास लांब होता. म्हणजे रात्रीच्या कुठल्या घटकेला मोजलं यावर उत्तर बदलायचं. कोणता तारा कुठे असताना मोजायचं, हे मालमाला पाठ असावं लागे. 'इस्बा' म्हणजे बोट हे त्यांचं माप होतं, सुमारे एक अंश ३६ कलांचं.

म्हणजे फळी हा यंत्राचा अर्धाच भाग होता. उरलेला अर्धा मालमाच्या डोक्यात होता.

कागदावर उरलेलं

त्या डोक्यातलं थोडंसं कागदावर आलं. १५५४ साली सिदी अली रईस हा तुर्की आरमाराचा सेनानी पोर्तुगीजांशी लढून आणि वादळात सापडून गुजरातच्या किनाऱ्याला लागला. जहाजं गेली, परतीचा समुद्रमार्ग बंद. तो अहमदाबादेत थांबला आणि तिथे त्याने हिंदी महासागरातल्या नौकानयनावर 'मुहीत' हा ग्रंथ लिहिला. मग जमिनीवरून, दिल्लीला हुमायूनच्या दरबारातून, घरी गेला.

जवळपास तीनशे वर्षांनी त्या ग्रंथाचं भाषांतर कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात येऊ लागलं. ब्राह्मी लिपी वाचणारे जेम्स प्रिन्सेप तेव्हा तिथे होते. त्यांना पुस्तकातल्या फळ्या कळेनात. मग त्यांनी बंदरात येणाऱ्या दर्यावर्दींकडे चौकशी केली आणि १८३६ साली अरबांच्या सागरी उपकरणांवर टिपण छापलं. १८५० साली मद्रासच्या एका नियतकालिकात काँग्रीव्ह नावाच्या अधिकाऱ्याने कोरोमंडल किनाऱ्यावरच्या खलाशांच्या अशाच फळी-दोरीचं वर्णन केलं. म्हणजे गामानंतर साडेतीनशे वर्षं ही फळी चालू होती. सेक्स्टंट येऊन शतक होत आलं तरी.

मुंबई विद्यापीठात भूगोल शिकवणारे प्रा. बी. अरुणाचलम यांनी पुढे हे ज्ञान निष्ठेने गोळा केलं. कच्छ-गुजरातच्या मालमांच्या पोथ्या आणि दक्षिणेकडच्या खलाशांची परंपरा त्यांनी अभ्यासली. वस्तू जमवणाऱ्यांच्या यादीत त्यांचं नाव येत नाही. माझ्या लेखी ते मोठे संग्राहक होते.

कमाल स्वतः मात्र जवळजवळ उरली नाही, आणि कारण उघड आहे. फळी लाकडाची, दोरी सुताची. खाऱ्या हवेत दोन्ही कुजणार. ती विकली जात नव्हती, ज्याची त्याने करायची. गाठी ज्याच्या त्याच्या हाताच्या लांबीच्या आणि नेहमीच्या बंदरांच्या. दुसऱ्याला तिचा उपयोग कमी. मालम गेला की ती फळी चुलीत जायलाही हरकत नव्हती. संग्राहकाला ती समोर दिसली असती तरी ओळखू आली नसती.

याउलट इंग्रजांनी आपल्या पद्धतीभोवती दगडी इमारती बांधल्या. ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ साली कुलाब्याला वेधशाळा उभारली, ती बंदरातल्या जहाजांना अचूक वेळ मिळावी याही हेतूने. तिथेच पुढे पृथ्वीच्या चुंबकत्वाची नोंद सुरू झाली. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर त्या नोंदी बिघडतील म्हणून ते काम अलिबागला हलवलं; १९०४ पासून ते तिथे चालू आहे. होकायंत्राच्या सुईला दिशा देणारं चुंबकत्व हळूहळू कसं बदलतं, हे अलिबागच्या वह्यांत सलग सापडतं. त्या वह्या उरल्या, कारण त्या लिहिणाऱ्या संस्थेला छप्पर होतं.

हे सगळं मेलेलं नाही

कुणी म्हणेल, जीपीएसच्या काळात हे कशाला? अमेरिकी नौदल अकादमीने ताऱ्यांवरून वाट काढायचं शिक्षण मध्यंतरी बंद केलं होतं. उपग्रहांचे सिग्नल अडवता येतात, फसवता येतात, हे लक्षात आल्यावर २०१५ साली ते पुन्हा सुरू केलं.

आपल्याकडचं उदाहरण अधिक जवळचं. 'सुहेली' ही शिडाची होडी १९६०च्या दशकात मुंबईत बांधली गेली. तिच्यातून रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांनी १९६८–६९ साली एकट्याने, कुठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा केली. ती करणारे ते पहिले. त्या सफरीच्या पन्नाशीला, २०१८ साली, तशीच शर्यत भरली: सेक्स्टंट चालेल, जीपीएस नाही. त्यात आपले अभिलाष टॉमी उतरले, गोव्यात बांधलेल्या 'तुरीया' या सुहेलीच्या प्रतिकृतीतून. दक्षिण हिंदी महासागरात वादळाने डोलकाठ्या मोडल्या, पाठीला जबर दुखापत झाली, सुटका करावी लागली. ते २०२२च्या शर्यतीत पुन्हा गेले आणि दुसरे आले. माझ्या पेटीत पडून आहे तसल्याच यंत्राने एक माणूस आपल्या काळात जगाला फेरी घालून आला.

काय जमवावं

तरुण वाचकांपैकी कुणाला हा नाद लागणार असेल तर थोडं व्यवहाराचं. १९७२च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी अशी वस्तू देशाबाहेर पाठवता येत नाही. जुन्या ऑक्टंटची मापपट्टी अनेकदा हस्तिदंती असते आणि हस्तिदंताचा व्यापार आपल्याकडे बंद आहे. परदेशी लिलावातून तसला ऑक्टंट मागवायचा विचार सोडून द्या. शोभेचा पितळी सेक्स्टंट आवडला तर जरूर घ्या, पण शोभेच्या वस्तूची किंमत देऊन. त्या कारागिराचा हात वाईट नसतो. त्याला स्वतःच्या गावाचं नाव कोरायची मुभा नसते, एवढंच. रुरकी असं लिहिलेला सेक्स्टंट मला मिळाला तर मी तो आनंदाने घेईन.

पण खरं जमवण्यासारखं दुसरंच आहे. रायगड जिल्ह्यातल्या एका कोळीवाड्यात माझ्या ओळखीचे एक वृद्ध तांडेल आहेत. मासे कुठे लागतात ती पाण्यातली जागा ते कशी शोधत, असं मी त्यांना विचारलं. "देवळाचा कळस डोंगराच्या खिंडीत आणायचा आणि दुसरीकडे बेटाचं टोक त्या माडाला लावायचं. दोन्ही जुळलं की जाळं टाक, बाळा." दोन रेषा, एक छेदबिंदू. तक्त्यावर पट्टी ठेवून अधिकारी करतो तेच. त्यांचा मुलगा आता स्क्रीनवर बघतो आणि त्यात वाईट काही नाही. पण तो माड पडला, खिंडीसमोर इमारत आली, की खूण गेली. मी ते बोलणं फोनवर रेकॉर्ड केलं, जागा नकाशावर टिपली, तारीख घातली. माझ्या संग्रहात सेक्स्टंटच्या शेजारी त्या फाइलला जागा आहे.

तुमच्या आजोळी कुणी नाखवा असेल, कुणी मचव्यावर काम केलेलं असेल, तर हे करायला आज संध्याकाळचीही वेळ चालेल. पैसे लागत नाहीत.

जुन्या वस्तूंच्या बाजारात पहिला प्रश्न असतो, 'बनवणाऱ्याचं नाव आहे का?' नावावर किंमत ठरते, म्हणून तर नसलेल्या कंपनीचं नाव कोरलं जातं. मालिंदीच्या त्या वाटाड्याला पोर्तुगीजांनी 'मालेमो काना', 'मालेमो कानाका' असं लिहून ठेवलं आहे. अभ्यासकांना त्यात दोन शब्द दिसतात. मालेमो म्हणजे मुअल्लिम, आपला मालम. कानाका म्हणजे गणक. दोन्ही त्याचे हुद्दे आहेत. ज्याच्या फळ्यांच्या आधाराने गामाची जहाजं कालिकतला लागली, त्या माणसाचं नाव कुणी विचारून लिहिलंच नाही.